नामिबिया, बारा दिवस: वाळू, खडी आणि टायरमधली हवा

नामिबियात पाठीवर सॅक घेऊन उतरलं की पहिला प्रश्न वाहनाचा. राजधानी विंडहुक ते किनाऱ्यावरचं स्वाकोपमुंड किंवा दक्षिण आफ्रिकेकडे जाणाऱ्या डांबरी महामार्गांवर बस आणि शेअर कॉम्बी (मिनीबस) मिळतात. पण सोसुसफ्लेईच्या वाळूच्या टेकड्या, स्पिट्झकॉपचा सुळका, ट्वायफेलफाँटेनची कोरीव शिल्पं ज्यांच्या यादीत आहेत, त्यांना सार्वजनिक वाहनाची वाट बघण्यात अर्थ नाही, कारण तिकडे ते जातच नाही. त्यामुळे स्वस्तात फिरणारे दोन मार्ग धरतात. एक, तंबू-जेवणासकट ट्रकमधून नेणारी कॅम्पिंग टूर. दुसरा, चौघांनी मिळून छतावर दोन तंबू असलेली डबल कॅब फोर बाय फोर, म्हणजे आसनांच्या दोन रांगांची आणि चारी चाकांना जोर मिळणारी पिकअप, भाड्याने घेणं. खालचा कार्यक्रम दुसऱ्या मार्गाचा आहे. काळ जून ते सप्टेंबर, म्हणजे तिथला कोरडा हिवाळा.

दिवस १: विंडहुक

विमानतळ शहरापासून ४० किमीहून जास्त लांब आहे. जोहान्सबर्गमार्गे आलात तर प्रश्न नाही. आदिस अबाबामार्गे येताना तिथला थांबा १२ तासांपेक्षा लांबला, तर पीतज्वराच्या लसीचा दाखला मागतात, आणि लस निदान १० दिवस आधी टोचलेली लागते. घड्याळ साडेतीन तास मागे करायचं. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. आपल्याकडचा गीझरचा मोठा तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसतो, मोबाइल चार्जरचा मात्र बसत नाही. तेव्हा १६ अँपिअरवरून ६ अँपिअरवर आणणारा कन्व्हर्टर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून आधीच घ्यावा.

गाडी ताब्यात घेताना दोन तास मोडतात आणि ते मोडायचेच. दोन स्टेपन्या आहेत का, एवढं विचारून भागत नाही. हायलक्ससारख्या गाडीत एक स्टेपनी मागच्या हौद्याखाली साखळीला टांगलेली असते. ती खाली सोडायचा लांब दांडा जोडांच्या तुकड्यांत येतो आणि त्यातला एखादा तुकडा हरवलेला असणं ही नेहमीची गोष्ट. दांडा जोडून, बंपरच्या भोकातून घालून, स्टेपनी एकदा खाली उतरवून बघायची. पाना चाकाच्या नटला बसतो का आणि जोर लावल्यावर नट हलतो का, हेही तिथेच बघायचं. वर्कशॉपमध्ये हवेच्या पान्याने आवळलेला नट रस्त्यावर हाताने सुटत नाही. याशिवाय फावडं, गाडी ओढायचा टोचन दोर, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, हवेचा गेज, जॅकखाली ठेवायची फळी आणि गॅस सिलिंडर. कॉम्प्रेसर चालवून बघितल्याशिवाय सही करू नका.

विम्याच्या कागदात दोन कलमं शोधायची: टायर-काच धरली आहे का, आणि दुसरं वाहन नसताना गाडी उलटली तर काय. नामिबियात पर्यटकांचे अपघात बहुतेक याच दुसऱ्या प्रकारचे असतात आणि स्वस्त विम्यात नेमके तेच वगळलेले असतात.

इथे नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड एकास एक चालतात. दक्षिण आफ्रिकेत नामिबियन डॉलर चालत नाहीत, म्हणून उरलेले नामिबियन डॉलर देश सोडण्याआधी संपवावेत. शिधा इथेच भरायचा. माणशी रोज ५ लिटर पाणी, वर २० लिटरचा एक राखीव कॅन. शाकाहारी माणसाचे हाल होतील असं वाटत असलं तरी सुपरमार्केटमध्ये तांदूळ, डाळी, भाज्या, दही सगळं मिळतं. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी तेवढी घरून न्यावी, थंडीत तव्याजवळ बसायला निमित्त मिळतं.

दिवस २: विंडहुक ते सेसरिएम

सोसुसफ्लेईचं प्रवेशद्वार म्हणजे सेसरिएम. अंतर सव्वातीनशे ते साडेतीनशे किमी, वेळ साडेपाच तास धरा. रेहोबोथपर्यंत डांबरी, पुढे खडीचा. इथे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. रस्ता बी वर्गाचा आहे, सी आहे की डी, यावर वेळ ठरते. बी डांबरी, सी बहुतेक खडीचे, डी म्हणजे ग्रेडर शेवटचा कधी फिरला त्यावर सगळं.

खडी लागली की थांबून हवा कमी करायची. आपल्याकडे पंपावर ज्याला ‘पॉइंट’ म्हणतात ते पीएसआय. डांबरीवर ३२ पॉइंट असतील, म्हणजे २.२ बार, तर खडीवर २६, म्हणजे १.८ बार. हवा जास्त असली की टायर टणक राहतो, टोकदार दगड टायरच्या तळव्यात घुसतो आणि पत्र्याच्या पन्हाळीसारख्या लाटांवर गाडी नाचते. फार कमी केली की टायरची बगल फुगून बाहेर येते आणि दगड तिला चिरतो. तळव्याचं पंक्चर काढता येतं, बगल चिरली की टायर गेला.

खडीवर कायद्याने १०० ची मर्यादा असली तरी ८० च्या वर जाऊ नये. लाटांवरून वेगात गेलं की हादरे कमी होतात, हे खरं आहे. पण ते अशासाठी की चाकं लाटांच्या माथ्यांवरून नुसती टेकत जातात, पकड जवळपास संपलेली असते. अशात वळण आलं, मागचं चाक कडेच्या सैल खडीत गेलं, चालकाने घाबरून स्टिअरिंग उलट फिरवलं, की छतावर तंबू असलेली उंच गाडी आडवी. पार्ट-टाइम, म्हणजे हवी तेव्हाच चारी चाकांना जोर देणारी फोर बाय फोर असेल तर खडीवर फोर हाय (नेहमीच्या वेगासाठीची चारी चाकांची जोडणी) लावून ठेवावी, पकड चारी चाकांवर वाटली जाते. डांबरीवर येताच काढायची, नाहीतर गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो. समोरून गाडी आली की वेग कमी करून डावीकडे सरकायचं. तिच्या मागच्या धुळीत अर्धा मिनिट काही दिसत नाही.

वेळ हाताशी असेल तर डी १२७५ वरचा स्प्रीट्सहूख्ते घाट उतरा. खाली नामिबचं वाळवंट पसरलेलं दिसतं. उतार इतका तीव्र आहे की ट्रेलरला मनाई आहे. ब्रेकवर पाय ठेवून न उतरता पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं, हे कोकणातल्या घाटांत गाडी हाकलेल्यांना सांगायला नको. पुढे सॉलिटेअरला डिझेल आणि ॲपल पाय. डिझेल टाकी अर्धी असली तरी भरायचंच, हा नियम पुढच्या दहा दिवसांना लागू.

सूर्य मावळायच्या आत तळावर पोहोचायचं. जुलैत सव्वासहा-साडेसहाला दिवस संपतो. अंधारात रस्त्यावर कुडू येतात. दोनशे किलोंहून जड हरीण दिव्यांनी बिथरून उडी मारतं आणि थेट काचेवर येतं.

दिवस ३: सोसुसफ्लेई आणि डेडफ्लेई

मुक्काम बाहेरच्या फाटकाच्या आत मिळवणं ही या प्रवासातली सर्वांत महत्त्वाची बुकिंग. बाहेरचं फाटक सूर्योदयाला उघडतं, आतलं त्याच्या एक तास आधी. सेसरिएमचा सरकारी तळ या दोन फाटकांच्या मध्ये आहे. तिथे असाल तरच टेकडीवर सूर्य उगवताना बघता येतो, कारण पुढे अजून ६० किमी डांबरी रस्ता कापायचा असतो, तोही ताशी ६० च्या मर्यादेत. वाटेतली एक वाळूची टेकडी ४५ व्या किलोमीटरला आहे म्हणून तिचं नाव ड्यून ४५. बहुतेक लोक तिथेच थांबतात, त्यामुळे थेट पुढे गेलेलं बरं.

साठाव्या किलोमीटरला डांबर संपतं. साध्या गाड्या इथे लावून शटल घ्यायची. पुढचे ५ किमी मऊ वाळूचे आहेत आणि रोज कोणी ना कोणी त्यात रुतलेला असतो. रुतण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच: हवा कमी केलेली नसते. इथे १५ पॉइंटपर्यंत, म्हणजे साधारण १ बारपर्यंत खाली यायचं. टायर लांबट पसरतो, त्याचा पाया वाढतो, गाडी वाळूवर तरंगते. फोर हाय, दुसरा गिअर, एकसारखा वेग, पडलेल्या चाकोरीतून जायचं. ब्रेक दाबला की चाकांपुढे वाळूचा ढीग जमतो आणि तोच गाडीला अडवतो, म्हणून थांबायचं तर नुसता पाय काढायचा. उभी करताना तोंड उताराकडे.

रुतलीच तर पहिल्या दोन सेकंदांत ॲक्सिलरेटर सोडायचा. चाक जागच्या जागी फिरलं की गाडी खाली जाते, पोट वाळूला टेकतं आणि मग नुसत्या चाकापुढच्या खणण्याने भागत नाही. उतरून चारी चाकांच्या पुढची आणि मागची वाळू काढा, पोटाखालची काढा, हवा आणखी दोन-तीन पॉइंट कमी करा आणि आल्या वाटेनेच मागे घ्या. मागची वाळू आधीच दाबलेली असते, पुढची नसते. पुढे रेटायची हौस सगळ्यांना असते.

डेडफ्लेई या वाळलेल्या पांढऱ्या पटांगणाची वाट सुमारे १ किमीची आहे. बिग डॅडी ही तीनशे मीटरच्या वरची टेकडी चढून उतरायची असेल तर माणशी दोन लिटर पाणी आणि सकाळचे नऊ वाजायच्या आत पाय कड्यावर हवा. कड्याच्या धारेवरून चालायचं, पुढच्या माणसाच्या पावलात पाऊल टाकत. दीडेक तासाची चढण. उतरताना मात्र सरळ वाळूच्या उतारावरून धावत दहा मिनिटांत तळाशी, पांढऱ्या चिखलाच्या कडक पटांगणावर. मोजे जाड हवेत, दहानंतर वाळू पोळते.

त्या पटांगणातली काळी झाडं म्हणजे कॅमल थॉर्न, आपल्या बाभळीची भावकी. त्साउचाब नदीचं पाणी पूर्वी इथवर यायचं. टेकड्या सरकल्या, वाट बुजली आणि झाडं सहा-सातशे वर्षांपूर्वी वाळली. हवा इतकी कोरडी की ती कुजलीच नाहीत. जवळ गेल्यावर खोडावर उन्हाने भाजल्यासारखा काळा थर दिसतो, भेगांत तांबूस वाळू भरलेली. हात लावायचा नाही, टेकून फोटोही नको.

परतल्यावर डांबरीवर लागण्याआधी हवा भरायची. इंजिन चालू ठेवून कॉम्प्रेसरचे चिमटे बॅटरीला लावायचे. एका चाकाला पाच-सात मिनिटं, म्हणजे अर्धा तास. दुपारी सेसरिएमची घळ बघून घ्या, सावली मिळते. जुन्या काळी तळाचं पाणी काढायला चामड्याचे सहा पट्टे एकमेकांना बांधावे लागत, त्यावरून हे आफ्रिकान्स नाव.

दिवस ४: सेसरिएम ते स्वाकोपमुंड

साडेतीनशे किमी, सहा तास. मकरवृत्ताची पाटी, मग गाउब आणि कुइसेबचे घाट, मग वॉल्व्हिस बेपर्यंत सपाट खडीचं माळरान. या माळावर रस्ता सोडून गाडी घालू नये. वरच्या पातळ थरावर दगडफूल वाढतं आणि चाकोरी उमटली की अनेक दशकं बुजत नाही.

किनारा जवळ आला की अर्ध्या तासात जाकीट निघतं. बेंग्वेला हा अंटार्क्टिकाकडून येणारा थंड प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो. त्याच्यावरची हवा गार होते, वर चढत नाही, पाऊस पडत नाही, पण धुकं होतं. वाळवंट आणि धुकं दोन्ही एकाच प्रवाहाची देणगी आहेत. इथले काही काळे भुंगेरे पहाटे टेकडीच्या माथ्यावर डोकं खाली, पार्श्वभाग वर करून उभे राहतात. धुक्याचे थेंब पाठीवर जमतात आणि ओघळून तोंडात येतात.

दिवस ५: स्वाकोपमुंड

आठवडाभराचे कपडे धुणं, पंक्चर काढणं, शिधा भरणं हे आज. उरलेल्या वेळात सँडबोर्डिंग. पोटावर झोपून घसरायचा प्रकार नवख्यांसाठी: पातळ हार्डबोर्डच्या तक्त्याच्या खालच्या बाजूला फरशीचं मेण चोळतात. पुढची कड दोन्ही हातांनी वर उचलून धरायची, कोपर बाहेर पण वाळूपासून वर, बुटांची टोकं मागे टेकवून वेग आवरायचा. कड सोडली की ती वाळूत घुसते आणि माणूस तक्त्यावरून पुढे जातो. तोंड बंद ठेवणं हाही तंत्राचाच भाग.

ज्यांना घसरायचं नाही त्यांनी परवाना काढून वेलविचिया बघायला जावं. हजार वर्षं जगणाऱ्या या झाडाला जन्मभर दोनच पानं असतात, तीच बुडातून वाढत राहतात आणि वाऱ्याने फाटून चिंध्या होतात. वॉल्व्हिस बेच्या खाजणात रोहित पक्षी आहेत. हे बंदर १९९४ पर्यंत दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होतं, देश १९९० मध्ये स्वतंत्र झाला तरी.

दिवस ६: केप क्रॉसमार्गे स्पिट्झकॉप

उत्तरेला १२० किमीवर केप क्रॉस. धुक्यात मिठाचा रस्ता ओला होतो आणि साबणासारखा निसरडा, ६० च्या वर जाऊ नये. हजारो फर सील, त्यांचं ओरडणं आणि असा वास की गाडीच्या काचा आधीच वर करून घ्याव्या. कपड्यांत तो दिवसभर राहतो. १४८६ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी दिओगो काँवने इथे दगडी क्रूस उभारला. याच किनाऱ्याने चाचपडत पोर्तुगीज बारा वर्षांनी कालिकतला आणि त्यानंतर गोव्याला पोहोचले. मूळ क्रूस १८९३ मध्ये जर्मनीला नेला गेला, केप क्रॉसला उभी आहे ती प्रतिकृती.

परत हेंटीस बेला येऊन डी १९१८ ने आत वळायचं. १,७२८ मीटरचा ग्रॅनाइटचा सुळका तासभर आधीपासून दिसत राहतो. तंबूच्या जागा खडकांच्या पायथ्याशी एकमेकींपासून लांब, पाण्याचा नळ मात्र तिथे नाही, म्हणून कॅन भरूनच यायचं. सह्याद्रीत फिरणाऱ्यांचा हात इथे फसतो: आपला बेसॉल्ट पायऱ्या-पायऱ्यांचा, हा ग्रॅनाइट गोल, पकडायला खाच नाही. बुटाच्या तळव्याच्या घर्षणावर चढायचं आणि उतरता येईल तेवढंच चढायचं.

दिवस ७: ट्वायफेलफाँटेन

उइसला डिझेल. तिथून खडकाळ डी रस्ते, दगड धारदार. पंक्चर व्हायचंच तर बहुधा आज होतं. सपाट जागा शोधायची, हँडब्रेक, चाकांना दगड. नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. फळीवर जॅक. चाक बदलल्यावर नट समोरासमोरचे आवळायचे आणि ५० किमीवर थांबून पुन्हा आवळायचे. ही शेवटची पायरी लोक विसरतात.

वालुकाश्माच्या पाट्यांवर इथे दोन हजारांहून जास्त कोरीव आकृत्या आहेत. २००७ मध्ये हे नामिबियाचं पहिलं जागतिक वारसास्थळ झालं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं बघितलेल्याला गंमत वाटेल. आपली आडव्या जांभ्यावर, वरून बघायची, इथली बरीचशी उभ्या-तिरक्या पाट्यांवर, तिरप्या उन्हात उठून दिसणारी. स्थानिक गाइड सक्तीचा आहे. सिंहाच्या शेपटीच्या टोकाला पंजा का कोरलाय, ते त्यालाच विचारा. कोरड्या नदीपात्रात हत्ती फिरतात, म्हणून तंबूत संत्री-सफरचंदं ठेवायची नाहीत.

दिवस ८ ते १०: एतोशा

खोरिक्सास, औचो, मग अँडरसन फाटक आणि ओकाकुएयो. पाच-सहा तास. दुपारी तीनपर्यंत आत असावं.

१९०७ मध्ये राखीव झालेलं हे उद्यान बावीस हजार चौरस किमीहून मोठं आहे. मधोमध मिठाचं पांढरं पटांगण, त्याच्या दक्षिण काठाने पाणवठे. कोरड्या दिवसांत पाणी तेवढंच असतं, म्हणून प्राण्यांच्या मागे गाडी पळवण्यात काही हशील नाही. एक पाणवठा निवडायचा, उन्हाकडे पाठ करून गाडी लावायची, इंजिन बंद, दोन तास हलायचं नाही. पहाटे सिंह, नऊनंतर झेब्रे आणि स्प्रिंगबॉक, दुपारकडे हत्ती. हत्ती इथे चुनखडीच्या धुळीने पांढरे दिसतात, आणि ते आले की बाकीचे निमूट बाजूला होतात. ओकाकुएयोच्या तळाहून नेब्राउनी आणि गेम्सबॉकफ्लाक्टे हे पाणवठे जवळ. हलालीच्या तळाहून रीटफाँटेन आणि गोआस. नाव वाचून गोवेकर हसतीलच. नामुतोनीच्या तळाहून चुडोप, आणि डिक-डिक हे सशाएवढ्यापेक्षा जरासंच मोठं हरीण.

भर उन्हात उघड्यावर उभा असतो तो ऑरिक्स. त्याचं अंग ४५ अंशांपर्यंत तापतं तरी मेंदू शाबूत राहतो. नाकाशी गार झालेलं रक्त मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताला वाटेत थंड करतं.

या तिन्ही तळांवर दिवे लावलेले पाणवठे आहेत, पण ओकाकुएयोचा सोडू नका. रात्री आठ ते अकरा, स्लीपिंग बॅग अंगावर घेऊन, दगडी कठड्याशी बसायचं. काळा गेंडा आवाज न करता येतो. आधी दिव्याच्या कडेला एक राखाडी आकार, मग पाण्यात त्याचं उलटं प्रतिबिंब. ओठ टोकदार आणि डोकं वर असेल तो काळा, तोंड चौकोनी आणि मान जमिनीकडे तो पांढरा. रंगावरून ओळखू जाल तर फसाल.

नियम कडक: तळ किंवा कुंपण घातलेली स्वच्छतागृहं सोडून गाडीबाहेर पाऊल नाही, वेग ६०, सूर्यास्ताला तळाचं फाटक बंद. हलाली-नामुतोनी अंतर सत्तरेक किमीच आहे, पण वाटेत सिंह दिसले की दोन तास कुठे गेले कळत नाही. उद्यानातून दक्षिणेकडे बाहेर पडताना कच्चं मांस नेऊ देत नाहीत, गुरांच्या रोगांसाठीची सीमा तिथे आहे. उरलेलं आदल्या रात्री निखाऱ्यावर संपवायचं.

दिवस ११: होबा आणि वॉटरबर्ग

त्सुमेब, ग्रूटफाँटेन. जवळच होबाची उल्का, १९२० मध्ये नांगराला लागलेली, सुमारे ६० टन, बहुतांश लोखंड आणि उरलेलं निकेल. पृथ्वीवर सापडलेला हा सर्वांत मोठा अखंड तुकडा. हात लावता येतो, उन्हात तापलेल्या ऐरणीसारखा लागतो.

संध्याकाळी वॉटरबर्गच्या लाल कड्याखाली. ऑगस्ट १९०४ मध्ये जर्मन सैन्याने हेरेरो लोकांना इथे घेरलं आणि पूर्वेच्या ओमाहेके वाळवंटात हाकललं. तिथे हजारो माणसं पाण्यावाचून मेली. तळाजवळ जर्मन सैनिकांची नीट राखलेली दफनभूमी आहे. जर्मनीने या कृत्याला अधिकृतपणे वंशसंहार म्हटलं ते २०२१ मध्ये.

दिवस १२: परत विंडहुक

तीनशे किमीच्या आत-बाहेर, फाट्यापासून सगळं डांबरी. हवा पुन्हा ३२ पॉइंट. ओकाहांजाच्या लाकडी कोरीवकामाच्या बाजारात घासाघीस चालते. टाकी काठोकाठ भरून, तंबूतली वाळू झटकून गाडी द्या. चारी टायरच्या बगलांचे आणि काचेचे फोटो पहिल्या दिवशी काढलेले असतील तर आज तेच शेजारी धरून दाखवायचे. नंतरच्या बिलावरचा वाद बहुधा याच दोन जागांवरून होतो.